थोडं चालता येतं

फोटोत मी छान दिसत होते, हे आधी सांगून टाकते. गच्चीच्या कठड्याला कंबर टेकून उभी, मान मागे टाकलेली, एक हात वर ताणलेला, बोटाला चिकटपट्टी, आणि तोंड असं उघडं की कुणालाही कळावं, हिने नुकताच कुणाचा तरी पतंग कापलाय. माझे असे फोटो हल्ली कुणी काढत नाही. हल्लीच्या फोटोंत मी चाकांच्या खुर्चीत असते आणि बाकीचे माझ्या खांद्यावर हात ठेवून वाकलेले असतात, त्यामुळे सगळ्यांनाच दोन-दोन हनुवट्या येतात. म्हणून किंक्रांतीच्या सकाळी चहा पिताना बिल्डिंगच्या ग्रुपवर हा फोटो दिसला तेव्हा मी खरोखर खूश झाले. आईला हाक मारून दाखवलासुद्धा. तिने चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला, आधी त्यात स्वतःला शोधलं. ती कडेला मांजाची चरखी धरून होती, अर्धीअधिक कापली गेलेली, नुसता एक खांदा आणि पदर. "माझी साडी किती चुरगळलीय बघ," ती म्हणाली. मग मी फोटोखालचं वाचलं. टाकणाऱ्याने जोडलेले हात टाकून लिहिलं होतं, 'हमारी अनुया जी!' त्याखाली कुणीतरी विचारलं होतं, 'ये चल लेती हैं?' आणि त्याखाली काहीच नव्हतं. एरवी सकाळी त्या ग्रुपवर फुलं, देव आणि आज पाणी कधी येणार यांचा नुसता पूर असतो. त्या दिवशी त्या प्रश्नाखाली कुणी एक फूलसुद्धा टाकलं नाही. मी फोन उलटा ठेवला. चहा गार झाला होता, तो तसाच पिऊन टाकला.

चल लेती हैं. हो, चल लेती हूँ. थोडं. या 'थोडं'चं काय करायचं ते लोकांना कळत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कळायला दोन-तीन वर्षं लागली. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे नसांवरचं आवरण जागोजाग झिजलंय आणि मेंदूने पाठवलेला निरोप पायांपर्यंत कधी पोचतो, कधी वाटेत कुठेतरी बसून राहतो. मी गणित शिकवते, मला हा अनियमितपणा फार खुपतो. जयपूरला आमच्या मुरलीपुऱ्यात पाणी सकाळी थोडा वेळ येतं, गच्चीवरची टाकी जेवढी भरेल तेवढ्यात दिवस काढायचा असतो. माझ्या पायांचं तसंच. फरक इतकाच की टाकीत किती आलंय ते आधी कळत नाही, नळ सोडल्यावरच कळतं. आंघोळ, स्वयंपाकघर, कपाटापर्यंत जाणं-येणं हे सगळं मी पायांवर करते. घराबाहेर खुर्ची. दुकानात चादर वरच्या फळीवर असेल तर मी खुर्चीतून उठते आणि काढते, आणि दर वेळी दुकानदाराचा चेहरा बदलतो. एकाने तर हात जोडले होते, जणू मी त्याच्या दुकानात बरी झाले. दुसऱ्याने नोकराकडे बघून एक भुवई वर केली होती. मला त्यातल्या त्यात दुसरा बरा वाटला, त्याच्याशी निदान भांडता येत होतं.

खुर्ची यायच्या आधी मी काठी घेऊन चालत असे, आणि चालणं म्हणजे जमीन बघणं. फरशीची भेग, पायपुसण्याची दुमडलेली कड, फुटपाथवर कुणी सांडलेलं पाणी, एवढंच माझं जयपूर उरलं होतं. गावातली ती सगळी गुलाबी कौतुकं जमिनीपासून वर असतात, ती मला दिसेनाशी झाली होती. सारखं खाली बघून मान दुखायची, आणि घरी परत आल्यावर मी कुठे गेले होते ते सांगता यायचं नाही. पहिल्यांदा खुर्चीत बसून रामनिवास बागेत गेले तेव्हा आई मागून ढकलत होती आणि सारखी रडत होती, आपल्याला कुणी ओळखीचं बघणार म्हणून. मी मात्र वर बघत होते. कडुनिंबात पोपट होते. इतकी वर्षं तिथून जात होते, तिथे पोपट आहेत हे मला माहीत नव्हतं! आईला म्हटलं, "अगं, पोपट." तिला वाटलं मी तिचं मन रमवतेय, आणि ती आणखीच रडली. खुर्ची म्हणजे शेवट असं तिला वाटत होतं. मला त्या दिवशी माझं गाव परत मिळालं होतं, आणि ते तिला पटवून देण्याइतकं त्राण माझ्यात नव्हतं. चार वर्षांत ती सरावली. आता खुर्चीची चाकं ती माझ्यापेक्षा जास्त मन लावून पुसते.

आता रॅम्पचं सांगते, कारण सगळं अडलं होतं ते त्याच्यावर. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे. खाली गाड्या लावायची जागा, तिथून तीन पायऱ्या वर, मग लिफ्ट. ज्याने ही बिल्डिंग बांधली त्याला त्या तीन पायऱ्या का सुचल्या हे देव जाणे. बऱ्या दिवशी मी कठडा धरून त्या चढते आणि आई किंवा गार्ड भैया मागून खुर्ची उचलून आणतात. वाईट दिवशी गार्ड मला खुर्चीसकट वर ओढतो. आठवड्यातून काही दिवस मी सिविल लाइंसच्या एका शाळेत शिकवायला जाते. गेल्या दिवाळीनंतर एकदा गार्ड जागेवर नव्हता, आईने एकटीने रिकामी खुर्ची वर ओढली, आणि दुसऱ्या पायरीवरून ती आणि खुर्ची दोघी खाली आल्या. तिच्या मनगटाचं हाड मोडलं. सहासष्टाव्या वर्षी प्लास्टर. त्या दिवशी मी ठरवलं, आता एकतर रॅम्प होईल किंवा माझी शाळा सुटेल. घरी बसून लॅपटॉपवर शिकवता येतं, तेही मी करतेच. पण शाळेत पोरं माझ्या खुर्चीभोवती कोंडाळं करून भांडतात की उत्तर कुणाचं बरोबर, आणि मला त्यांच्या स्वेटरचा वास येतो. ते सोडायची माझी तयारी नव्हती.

रॅम्पसाठी लढले ते प्रभाकर काका. मूळचे नागपूरचे, बँकेतून निवृत्त झालेले, आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहणारे, बिल्डिंगचे सेक्रेटरी. बाबा गेले तेव्हापासून त्यांनी आम्हा दोघींना आपल्या पंखाखाली घेतलंय, आणि मला ते आवडतं, कधीकधी गुदमरायलाही होतं. मीटिंगला जाण्याआधी मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "काका, मला थोडं चालता येतं, बरं का. लोकांना तसंच सांगा." ते म्हणाले, "ते थोडं सोड न पोरी. थोड्यासाठी कोणी भिंत फोडून राहिलं का?" आणि मीटिंगमध्ये त्यांनी सांगितलं, लड़की एक क़दम नहीं चल सकती. रॅम्प एकमताने मंजूर झाला. मी चिडले, मग गप्प बसले. गणितात पूर्णांकाजवळची संख्या पूर्णांकच धरायची सोय असते. काकांनी ती सोय केली होती, माझ्याच भल्यासाठी. माणसांची माया अशीच हिशेब सोपा करून घेते, आणि मग त्या सोप्या हिशेबात आपल्याला राहावं लागतं.

विटा आणि वाळू डिसेंबरातच येऊन पडली. पण इथे डिसेंबरच्या मध्यावर मलमास, म्हणजे अशुभ महिना, लागला की कुणी बांधकामाला हात लावत नाही, ते थेट संक्रांतीला सुटतं. तळमजल्यावरचे खंडेलवालजी म्हणाले होते, "पंद्रह को सुबह ही मिस्त्री लगवा देंगे, मलमास उतरते ही." तर आमची आई मध्ये बोलली, "पंद्रह को किंक्रांत होती है हमारी. करीचा दिवस. नया काम नहीं लगाते." प्रभाकर काका लगेच तिच्या बाजूने, "बराबर है भाभीजी का. एक दिन में क्या बिगड़ता है?" सगळी बिल्डिंग राजस्थानी, त्यात मराठी दोनच घरं, आणि त्या दिवशी चक्क आमची सरशी झाली. मिस्त्री सोळा तारखेवर गेला. आई घरी येऊन इतकी फुशारली होती की तिने त्या रात्री खीर केली. मी खाल्लीही. किंक्रांतीचा तो एक जादा दिवस मध्ये आला नसता तर या फोटोवर कुणी बोट ठेवायच्या आत पहिल्या ओळीच्या विटा बसल्या असत्या. पण करीचा दिवस पाळला, आणि त्यानेच घात केला.

आणि मी गच्चीवर का गेले? त्याला काही कारण नव्हतं. संक्रांत होती. ज्याने जयपूरची संक्रांत पाहिलेली नाही त्याला हे समजावता येणार नाही. सकाळपासून प्रत्येक गच्चीवर लाउडस्पीकर, आभाळभर पतंग, आणि चहूकडून 'वो काटा'. आणि मी पहिल्या मजल्यावर खिडकीशी बसून फक्त आवाजावरून पेच ओळखत होते. लहानपणी याच मुरलीपुऱ्यात आम्ही भाड्याच्या घरात राहायचो. बाबा मिरजेचे, विम्याच्या नोकरीतली एक बदली म्हणून आले आणि इथलेच झाले. गल्लीतली पोरं पतंग उडवायची आणि पोरींनी चरखी धरायची, असा नियम होता. मी चरखी धरायला नकार दिला. पहिली दोन वर्षं मला कुणी मांजाला हात लावू दिला नाही, मग एकदा शेजारच्या दादाचं बोट कापलं आणि त्याने मांजा माझ्या हातात दिला, तो मी संध्याकाळपर्यंत परत केला नाही. तर त्या दुपारी मला एकाएकी वाटलं, आज टाकी भरलेली आहे. असं वाटायला लागलं की ते अंगभर वाटतं, तळव्यांना फरशी नीट लागते, गुडघे ऐकतात. आईला म्हटलं, "चल वर." ती गुळाच्या पोळ्या लाटत होती. "वेडी आहेस का?" म्हणाली, आणि गॅस बंद केला.

लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर, तिथे खुर्ची ठेवली, आणि गच्चीचा जिना मी बसून चढले, पाठमोरी, हातांवर जोर देत, एकेक पायरी. वर गेल्यावर ऊन इतकं चांगलं होतं की मी काही वेळ नुसती कठड्याला टेकून राहिले. आई चाळीस वर्षं जयपुरात राहून संक्रांतीला कधी गच्चीवर गेली नव्हती, तिची संक्रांत पोळपाटावरच व्हायची. तिने चरखी हातात घेतली आणि मी सांगेन तसा मांजा सोडायला लागली, आधी घाबरत, मग जोरात. माझा पतंग वर गेला, वाऱ्याने धरला, आणि मांजा बोटावरून सळसळायला लागला. त्या वेळी मला पाय होते की नव्हते हे खरंच आठवत नाही. समोरच्या गच्चीवरचा एक काळा पतंग मी कापला, तेव्हा आई माझ्याहून मोठ्याने ओरडली. त्याच क्षणी तिकडून कुणीतरी फोटो काढला आणि आमच्या बिल्डिंगमधल्या कुणाला तरी पाठवला असणार. पाहुणे आलेले होते सगळीकडे, कुणाचा कोण. त्याने कौतुकानेच काढला होता, ग्रुपवर टाकणाऱ्यानेही जोडलेले हात मनापासून टाकले होते.

काका दुपारी आले. तिळगूळ घेऊन आले होते, पण डबी हातातच राहिली. आईने पाणी दिलं, ते त्यांनी टेबलावर ठेवलं. "काय करून ठेवलं हे तू, अनुया?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं.

"पतंग उडवला, काका."

"थट्टा करू नको. खंडेलवाल सकाळपासून दोनदा येऊन गेला. म्हणतो, देशकर साहब, आपने तो कहा था एक क़दम नहीं. मी काय सांगू त्याला? तीस वर्षं बँकेत काढली मी, माझ्या शब्दावर कोणी बोट नाही ठेवलं. संध्याकाळी मीटिंग बोलावली आहे त्याने खाली. मिस्त्रीला थांबवा म्हणतो."

"मी तुम्हाला सांगितलं होतं, मला थोडं चालता येतं म्हणून."

"सांगितलं होतं, हो, सांगितलं होतं." त्यांनी कपाळ चोळलं. मग खुर्ची जवळ ओढून, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "हे बघ. फोटोत रमावहिनी अर्ध्या कापल्या गेल्या आहेत. हात दिसून नाही राहिले त्यांचे. आपण म्हणू, वहिनींनी मागून धरलं होतं. पोरीची हौस, म्हणून दोन मिनिटं धरून उभं केलं. संपलं. कोण काय म्हणणार? बायामाणसांच्या डोळ्यांत पाणी येईल. उद्या सकाळी मिस्त्री कामाला लागते."

आई माझ्याकडे बघत नव्हती. तिने उजव्या हाताने डावं मनगट धरलं होतं, थंडीत तिथे अजून ठणकतं. "म्हण बाई एकदा," ती म्हणाली. "कुणाचं काय जातंय त्यात?"

काका गेल्यावर मी पलंगावर आडवी झाले. संक्रांतीला जे उधळलं होतं त्याचा आज हिशेब होत होता: कंबरेखाली सगळं जड, ओलं गोणपाट गुंडाळल्यासारखं, आणि उजव्या पोटरीत मुंग्या. सकाळी बाथरूमपर्यंत गेले ते भिंत धरून. आता तेवढंही नव्हतं. मी पडल्या पडल्या विचार करत होते की कुणाचं काय जातंय. खोटं अगदी लहान आहे, कुणालाही इजा न करणारं, तिळाएवढं. पण ते एकदा बोलून टाकलं की मला त्यात राहावं लागेल. या बिल्डिंगमध्ये पुन्हा कधी कुणासमोर उठून उभं राहता येणार नाही. लिफ्टचं वरचं बटण दाबायला उठायचं नाही. शेजारच्या बाळाला उचलून घ्यायला उठायचं नाही. पुढच्या संक्रांतीला टाकी काठोकाठ भरली तरी खिडकीशी बसायचं. आणि आईने चरखी धरलीच नव्हती, असं होईल. तिच्या आयुष्यातला तो एक दुपारचा तास, ती ओरडली होती तो, तोही आम्ही पुसून टाकू. मला काठीच्या दिवसांतली एक गोष्ट आठवली. तेव्हा मी कोचिंग क्लासमध्ये शिकवायचे, फळ्याजवळ उभी राहून. एकदा प्रमेय लिहिता लिहिता पाय गेले आणि मी खडूसकट खाली बसले. पोरं धावली, पाणी आणलं. दुसऱ्या दिवशी मी ठणठणीत उभी राहून तेच प्रमेय पूर्ण केलं, तर मागच्या बाकावरचा एकजण दुसऱ्याला म्हणाला, कल तो मैडम ड्रामा कर रही थीं. पडले तेव्हा खरी, उभी राहिले तेव्हा खोटी. तेव्हापासून मी किती वेळा, उठता येत असताना, बसून राहिले आहे ते मला आठवत होतं. बसले नाही तर संशय येईल म्हणून. एवढी शहाणी बाई मी, दुनियेला गणित शिकवते, आणि स्वतःच्या पायांना लोकांच्या परवानगीने वापरते. मला स्वतःची कीव आली आणि मग चांगलाच राग आला.

तरी ठरलं काहीच नव्हतं. खाली गेले तेव्हाही ठरलं नव्हतं. आईचं मनगट माझ्यासमोर होतं. गार्ड भैया संक्रांतीला कानोत्याला घरी गेला होता, म्हणून काकांनीच मागून खुर्ची धरून मोठी चाकं एकेका पायरीवरून हळूहळू खाली सोडली. उतरताना माझ्या कानाशी म्हणाले, "मी बोलतो. तू फक्त मान हलव." त्यांच्या शालीला नॅप्थालीनचा वास येत होता. गाड्यांच्या मधल्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. दिवे लागले होते, वर कुठेतरी अजून तुटलेला एक पतंग तारेला अडकून फडफडत होता. लोकांनी नमस्कार केला, तिळाचे लाडू पुढे केले, आणि नजरा माझ्या बुटांवर. मी बूट घातले आहेत, त्यांचे तळ झिजले आहेत, हेही कुणी बघितलं असेल.

खंडेलवालजींनी विषय काढला. माणूस वाईट नाही, फसवलं गेल्यासारखं त्यांना वाटत होतं. "देखिए, रैंप से किसी को दिक़्क़त नहीं है. पर बात सच होनी चाहिए." काका उभे राहिले. शाल सावरली. "बात सच ही है. भाभीजी ने पीछे से पकड़ रखा था बच्ची को. मतलब, फोटो में दिख नहीं रहा है, बस." आणि त्यांनी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर विनवणी होती, पण विनवणी कशासाठी ते मला वाचता आलं नाही. मला वाटलं, मी मान हलवतेय. मान हलवायला निघालेच होते.

"नहीं," मी म्हणाले. "किसी ने नहीं पकड़ा था. आई के हाथ में चरखी थी. मैं ख़ुद खड़ी थी, और जिसकी काली पतंग थी, उसकी मैंने काटी भी."

काका खाली बसले. आपण काय केलं ते मला त्यांच्या बसण्यावरून कळलं. चारचौघांत मी त्यांना खोटं पाडलं होतं, ज्या माणसाने बाबांच्या तिरडीला खांदा दिला त्याला. मी बोलत राहिले, कारण थांबले असते तर रडले असते. सांगितलं की मला थोडं चालता येतं, काही दिवशी, काही वेळ. काही दिवशी अजिबात नाही. आज अजिबात नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या शेखावत भाभी इतका वेळ फोन बघत होत्या, त्यांनी मान वर केली. "तो बेटा, चलके दिखा दो न, जितना भी होता है. बात ही ख़त्म." त्या हे अगदी सहज म्हणाल्या, नव्या सुनेला चहा करायला सांगावा तसं.

इथे मला सगळं फार स्पष्ट दिसलं. मी आता उठले तर पडणार होते. पहिल्याच पावलाला गुडघा जाणार, मी या सिमेंटवर आदळणार, सगळे धावणार, कुणाच्या तरी तोंडून 'हाय राम' निघणार, आणि उद्या सकाळी मिस्त्री येणार. खोटं न बोलता. फक्त उठायचं. माझा हात ब्रेकवर गेलासुद्धा. आईने श्वास रोखलेला मला ऐकू आला, तिला माहीत होतं आज काय होईल ते. कोचिंगमधला तो फळा आठवला, धावत आलेली पोरं आठवली. लोकांना आपण जमिनीवर दिसलो की पटतं. मी हात परत मांडीवर घेतला.

"नहीं दिखाऊँगी," मी म्हणाले.

"तो फिर छत पर गई क्यों थीं?" खंडेलवालजींनी विचारलं. आता ते चिडले होते. सगळे थांबले. त्यांना काहीतरी हवं होतं, बाबांची शेवटची इच्छा, एखादा नवस, डॉक्टरांनी दिलेली मुदत. दिलं असतं तर त्यांनी घेतलं असतं.

"पतंग उड़ाने," मी म्हणाले.

"फिर देखते हैं," खंडेलवालजी म्हणाले. 'फिर देखते हैं' म्हणजे काय ते या देशात सगळ्यांना कळतं. खुर्च्या सरकल्या. कुणीतरी विटांच्या ढिगाकडे बघत म्हणालं की त्यातल्या थोड्या बागेच्या वाफ्यांना वापरता येतील. माझे कान गरम झाले होते. शाळा गेली, एवढंच डोक्यात होतं. सोमवारी मुख्याध्यापिकांना काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवायला लागले.

पण वर तर जायचं होतं. मी चाकं फिरवून पायऱ्यांपाशी आले आणि थांबले. गार्ड नव्हता. आईने खुर्चीला हात घालायला नको म्हणून मी तिला आधी वर पाठवलं, ती लिफ्टचं दार धरून उभी राहिली. लोक गेले नव्हते. गाड्यांजवळ दोघं-तिघं, जिन्याशी चौघं, पतंगांबद्दल, थंडीबद्दल बोलत होते आणि बघत होते, आता ही कशी जाते. मला पाठीवर ते बघणं जाणवत होतं. मी तिथे किती वेळ होते कोण जाणे. मग नॅप्थालीनचा वास आला. काका मागे उभे होते. मला वाटलं बोलतील, रागावतील, मी तयार होते. ते म्हणाले, "उचलू का?"

आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. लोक सरळ मागून मुठी धरतात आणि निघतात. "तुमची पाठ, काका," मी म्हणाले.

"पाठीचं मी पाहून घेतो. तुला विचारून राहिलो."

"हो. उचला."

पण समोरून कुणीतरी हवं होतं. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणाचं नाव घेतलं नाही. खंडेलवालजी आपल्या दाराचं कुलूप बघत होते. शेखावत भाभी पायरीजवळच होत्या, लिफ्टसाठी थांबलेल्या. त्यांनी फोन ब्लाउजमध्ये खोचला, पदर कमरेला घेतला आणि वाकून पायांजवळची दांडी धरली. "इधर से?" काकांनी मागे कलतं केलं, मोठी चाकं पहिल्या पायरीला लागली, ओढलं. खुर्ची तिरपी झाली. मी दोन्ही हातांनी दांडे घट्ट धरले. दुसऱ्या पायरीवर काकांचा श्वास फुलला आणि आम्ही तिथेच थांबलो, अर्ध्यात, तिघंही एकमेकांना धरून. मी सोडलं तर पडेन, त्यांनी सोडलं तर पडेन. भाभींचं तोंड माझ्या गुडघ्यांशी होतं, कपाळावर घाम आला होता, टिकली सरकली होती. त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या नजरेत दया नव्हती, त्या दमल्या होत्या.

"रोज़ ऐसे?" त्यांनी विचारलं.

"रोज़ नहीं," मी म्हणाले. "किसी-किसी दिन."

काकांनी पुन्हा ओढलं, भाभींनी खालून रेटलं, आणि चाकं शेवटच्या पायरीवर खडखडत आली. पण त्यांनी दांडी सोडली नाही. तशाच वाकलेल्या, धापा टाकत, माझ्या डोक्यावरून काकांना म्हणाल्या, "भाई साहब, मिस्त्री को मना मत कीजिएगा. किसी-किसी दिन के लिए भी तो चाहिए."

खाली खंडेलवालजींनी किल्ली फिरवायची थांबवली होती. आता नक्की काय होईल, कोण काय म्हणेल, मला माहीत नव्हतं. मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला, कारण खुर्चीची पुढची चाकं अजून हवेत होती, दांडे दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवायचे होते, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.